खाच आमची होती, ते सिद्ध करताना

भोसरी एमआयडीसीत माझं टूल ग्राइंडिंगचं, म्हणजे धातू कापायच्या हत्यारांना धार आणि आकार देण्याचं, छोटं वर्कशॉप आहे. २०१९ साली एका गिऱ्हाइकाच्या स्टीलच्या जॉबला बोअरिंग करताना, म्हणजे आतलं भोक मोठं करताना, चिप (कापून निघणारी धातूची साल) तुटतच नव्हती. लांब सुटायची, टूलच्या दांड्याभोवती गुंडाळायची आणि बोअरवर ओरखडे पाडायची. तीन आठवडे खपून मी टूलच्या कार्बाइडच्या (कठीण मिश्रधातूच्या) टोकावर तिरकी खाच ग्राइंड केली, धारेजवळ उथळ आणि मागे खोल. चिप इंग्रजी सहाच्या आकड्यासारखी वळून तुटायला लागली. गिऱ्हाइकाने ड्रॉइंग मागितलं, मी मेल केलं.

पुढे मुलीने पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर एक अर्ज दाखवला. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणून इतके दिवस पत्ता नव्हता. अर्जदार तेच गिऱ्हाईक, खाच माझी. त्या रात्री घास गिळवेना.

वकील मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही आधी केलंत एवढ्याने भागणार नाही. ते तुमच्याकडूनच घेतलं, हेही दाखवावं लागेल." अमेरिकेत मार्च २०१३ पर्यंत 'आधी कोणी शोधलं' यावर वाद चालायचे. आपल्याकडे आधी अर्ज करणाऱ्याला मान असला, तरी अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकाचा किंवा त्याने तो ज्याला दिला त्याचाच. पेटंट अजून मंजूर झालं नव्हतं, म्हणून पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली मंजुरीपूर्व हरकत घेता आली. फॉर्म ७-अ, त्याला तेव्हा, म्हणजे २०२४ च्या नियमबदलाआधी, शासकीय फी नव्हती.

खरी दमछाक पुराव्यांची. रफ वहीत खाचेचं स्केच होतं, पेन्सिलीने, कोनासकट. पण तारीख नव्हती. तेव्हा ती घालायला काय जात होतं, असं किती वेळा वाटलं! सुदैवाने त्याच पानाच्या मागे डायमंड व्हीलच्या (ग्राइंडिंगच्या चाकाच्या) खरेदीचा तारखेसह हिशेब होता, आणि दुकानदाराचं बिल जुळलं. ट्रायल टूलचं डिलिव्हरी चलनही मिळालं, पण त्यावर फक्त 'बोअरिंग टूल १ नग'. कुठलं टूल, ते कसं सांगणार? तिथे आमचे जुने ऑपरेटर मामा उपयोगी पडले. निवृत्त होऊन जुन्नरकडे गेले होते. त्यांनी येऊन प्रतिज्ञापत्र दिलं. त्यांना खाचेचा कोन तोंडपाठ होता.

निर्णायक ठरला तो मेल. जोडलेलं ड्रॉइंग आणि अर्जातली आकृती शेजारी ठेवल्यावर मापांसकट तेच दिसलं. माझ्या ड्रॉइंगमध्ये एक त्रिज्या चुकून दोनदा लिहिली होती, त्यांच्याही आकृतीत ती दोनदाच होती. मेलच्या प्रिंटला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागलं, ते आम्ही शेवटच्या आठवड्यात धावपळीत केलं.

सुनावणी व्हिडिओवर झाली. ती दुहेरी त्रिज्या कशी आली, याचं समोरून उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी आदेश आला, अर्ज नामंजूर. मी आधी मामांना फोन लावला.