रात्याच्या मुडीपाशी अडलेला सर्व्हे

अ‍ॅग्री झालं की पुढे काय, असं ज्युनिअर्स मला सारखे विचारतात आणि बहुतेकांच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात, एमपीएससी नाहीतर बँकेचं एएफओ, म्हणजे कृषी अधिकाऱ्याची नोकरी. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी अ‍ॅग्री केलं आणि आता एका रिसर्च प्रोजेक्टवर फील्डचं काम करते, धरमतर खाडीच्या काठची खारजमीन, तिथलं भात, लोक काय पिकवतात न काय खातात. त्यातला एक दिवस लिहायचाच होता.

मे महिना, अलिबाग तालुक्यातलं गाव, सोबत एएफओची तयारी करणारा एक ज्युनिअर. सॅम्पलमध्ये आलेल्या घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी. फॉर्मचा पहिलाच प्रश्न, शेतकऱ्याचं नाव. सातबारा मुलाच्या नावावर, तो पनवेलला नोकरीला, लावणी-कापणीला येऊन जातो तेवढंच. मी त्याचं नाव लिहिलं. आजी बघत होत्या, म्हणाल्या, "आनि बी कोन राखतं, त्ये कवा इचारशील?"

तो प्रश्न फॉर्मवर नव्हताच.

मग त्यांनी माळ्यावरून बियाण्याची मुडी काढायला लावली, पेंढ्याची, सुंभाने करकचून बांधलेली, आणि एका बाजूने सैल करून दोन दाणे तळहातावर चोळून दाखवले, तांदूळ लालसर. राता, खाऱ्या जमिनीत तगणारं इथलं जुनं भात. आदल्या वर्षी उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, खारं पाणी शेतात शिरलं, विकत आणलेल्या बियाण्याचं भात पिवळं पडून बसलं आणि रात्याची एक पट्टी तेवढी उभी राहिली, त्या पट्टीचं हे बी. खारजमिनीसाठी विद्यापीठाच्या पनवेल 1, 2, 3 अशा जाती आहेत आणि त्या हव्यातच, पण काळा राता, बुरा राता ही भातं इथल्या घरांनी त्याच्या किती आधीपासून राखलीत.

बोलता बोलता चरीचा, म्हणजे याच तालुक्यातल्या चरी गावचा, शेतकरी संप निघाला. 1933 ते 1939, शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी खोतांची, म्हणजे जमीनदारांची, शेतं ओसाड ठेवली, आंबेडकरांनी 1937 ला खोतीविरुद्ध बिल आणलं, हे मी वाचलेलं. पण आजींचे सासरे तेव्हा पोरगे होते आणि घर खाडीतल्या चिंबोऱ्या न निवट्या माशांवर जगलं, असं ते सांगायचे. माझ्या फॉर्मात 'आहार' नावाचा रकाना होता, त्यात हे कुठे बसवू? मी पेन ठेवलं आणि दीड तास नुसतं ऐकलं. हे काम शेती न इतिहास दोन्ही शिकलेल्या माणसांनीच करायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण माती आणि बियाणं कळणारा माणूस बहुतेक वेळा इतिहास विचारत नाही आणि इतिहासवाल्याला खांड म्हणजे काय ते सांगावं लागतं.

परत येताना एसटीत ज्युनिअर गप्पच होता, वडखळच्या पुढे म्हणाला, ताई, यातच पुढे शिकायचं तर? मग पनवेलपर्यंत तेच, आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) पीजी प्रवेश परीक्षा, अ‍ॅग्री इकॉनॉमिक्स किंवा एक्स्टेन्शनमधून एमएस्सी, पुढे नेट न पीएचडी, ग्रामीण विकासाकडे वळायचं तर टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) तुळजापूर कॅम्पस, नाहीतर शेतकरी उत्पादक कंपन्या, केंद्राच्या 2020 च्या योजनेत दहा हजार काढायच्या होत्या, त्यांना हिशेबासोबत पीक कळणारी पोरं लागतातच.

फॉर्ममध्ये आता 'बियाणं कोण राखतं' असा रकाना आहे, प्रोजेक्टच्या सरांनी लगेच मान्य केला. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं, फी नाही, तो अर्ज आजींच्या नावाने भरायला घेतलाय. निसवणीच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, वेळचे फोटो आणि लोंबीची मापं राहिलीत, ती घ्यायला सप्टेंबरात परत जाणार, ज्युनिअरही येतोय.