चाळ यादीत, टॉवर बाहेर

मतदानाच्या दिवशी बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी, काय करतो, असं कुणी विचारलं की मी सांगते, केंद्राबाहेर टेबल टाकून शिव्या खातो. आतल्यांकडे यंत्र असतं, पोलीस असतो. आमच्याकडे यादी, वाटता न आलेल्या मतदार चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एएसडी यादी. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत लोकांची ही यादी आम्हीच दारोदार फिरून केलेली असते. त्यातला माणूस समोर येऊन उभा राहिलाच, तर त्याला परत पाठवता येत नाही. केंद्राध्यक्ष स्वतः ओळखपत्र तपासतात, सहीसोबत अंगठा घेतात, हमीपत्र भरून घेतात आणि मग मत. मागची रांग तोवर खोळंबते. एरवी असे दोन-चारच येतात.

२० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाला, ते कर्जत लोकलमधून घोळक्यानं उतरले.

माझ्या यादी भागात डोंबिवलीतली एक चाळ आहे. यादीत आहे, जमिनीवर नाही. ती धोकादायक ठरून पाडली, त्या जागी टॉवर उभा राहिला. माणसं बिल्डरकडून भाडं घेऊन तात्पुरती म्हणून बाहेर पडली, मग भाडं थांबलं, बऱ्याच जणांनी नव्या घराचा हक्क विकून टाकला आणि कुणी टिटवाळ्याला, कुणी वांगणी-शेलूकडे सरकलं. यादीत मात्र सगळे खोली नंबरांसकट नांदतायत. नाव वगळायचं तर नमुना ७ भरा, नोटीस काढा, सुनावणी घ्या. नोटीस जाते यादीतल्या पत्त्यावर. त्या पत्त्यावर आता टॉवरचा वॉचमन बसतो, त्यामुळे पाकीट जसंच्या तसं माझ्याकडे परत. जागेचा फोटो, पंचनामा, सगळं जोडून मी अहवाल वर पाठवला. ‘आत्ता राहू द्या, आक्षेप येतील,’ असं तोंडी उत्तर आलं. लेखी कुणी काही देत नाही. साहेबांची भीती अगदीच खोटी नाही म्हणा. राहत्या माणसाचं एक नाव चुकून उडालं की मतदानाच्या दिवशी तो माणूस कॅमेरे घेऊन येतो. मेलेल्यांची शंभर नावं राहिली, तर कुणी येत नाही.

माझ्या यादीपेक्षा खरी वही त्या दिवशी दोनशे मीटरपलीकडच्या पक्षाच्या बूथवर होती. रिक्षा चालवणारा पोरगा, एके काळचा माझा विद्यार्थी. कोणती खोली कुठे गेली, फोन नंबर काय, घरात मतं किती, नवी सून आली तिचं नाव कुठे आहे, सगळं त्यानं पेन्सिलीनं टिपलेलं. ‘बाई, नऊ नंबरवाले ठाकुर्लीला पोचले,’ असं तो मला सांगून जायचा. एवढी वही आमच्या खात्याकडे असती तर!

नऊ नंबरच्या काकू सुनेला घेऊन आल्या. मी म्हटलं, ‘काकू, वांगणीला नाव का नाही लावलंत?’ तर म्हणाल्या, ‘तिकडं आमाला कोण वळखतं, बाई? हितं निदान रस्त्यात हाक मारत्यात.’

त्यांच्या मागे टॉवरचे सेक्रेटरी उभे होते. हातात पासपोर्ट, विजेचं बिल, आधार, सगळं चोख. यादीत नाव नाही. शोधून दिलं तर नाव निघालं मुलुंडच्या यादीत, जुन्या घरच्या पत्त्यावर. चार वर्षं राहून पत्ता बदलायचा नमुना ८ भरलेला नाही. ‘मॅडम, राहतो आम्ही, टॅक्स भरतो आम्ही, आणि मत देणार हे वांगणीचे लोक?’ आवाज चढला तसा पोलीस जवळ आला. मला आठवत होतं, यादीच्या पुनरीक्षणाच्या वेळी याच टॉवरच्या गेटवर मला अर्धा तास उभं केलं होतं, सोसायटीची परवानगी नाही म्हणून. त्या अर्ध्या तासात दोन पिझ्झावाले आत जाऊन आले. मी सेक्रेटरींना म्हटलं, ‘मुलुंड जवळ आहे, सहापर्यंत वेळ आहे.’ ते घरी गेले. म्हणजे मुलुंडच्या कुठल्या तरी केंद्रावर एक माणूस गैरहजर लागला.

आमच्या केंद्राची टक्केवारी चाळिशीत अडकली. राज्याचा आकडा ६६ होता, कोल्हापूर जिल्हा ७६ च्या आसपास, आमचा ठाणे जिल्हा ५६ च्या. मग ठरलेलं कीर्तन सुरू झालं, शहरी मतदार झोपलेला आहे. मे महिन्यात लोकसभेला कल्याण ५० टक्क्यांवर थांबलं होतं, तेव्हा दोष सोमवारला दिला होता, शनिवार-रविवारला जोडून आला म्हणून. विधानसभेला मुद्दाम बुधवार निवडला, सोसायट्यांच्या आवारात केंद्रं काढली. झोपलेले आहेतच, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या भागात ज्या नावांना भागून टक्का काढला, त्यातली कितीतरी माणसं इथे राहतच नाहीत, आणि जी राहतात ती भागाकारातच नाहीत. गावच्या यादीतही मुंबईला गेलेल्यांची नावं असतात, पण गाव त्यांना गाडी करून आणतं. टॉवरला आणायला कोण जाणार?

हे एका चाळीपुरतं असतं तर मी एवढं डोकं शिणवलं नसतं. २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १३ वरून २४ झाल्या. आता त्यातल्या ६ पालघरच्या. मुंबईत शहराच्या १७ च्या १० उरल्या, उपनगराच्या १७ च्या २६ झाल्या. विदर्भ ६६ वरून ६२ वर आला. लोक जसे दादर-परळहून बोरिवलीला, डोंबिवलीला, विरारला सरकले, तशा जागा त्यांच्यामागे सरकल्या. आज मुंबई, ठाणे आणि पालघर मिळून २८८ पैकी ६० जागा, जवळजवळ विदर्भाइतक्या. जागा वाढल्या त्या इथे राहायला आलेल्यांच्या डोक्यांवर. आणि आमच्या केंद्रावर त्या दिवशी वजन पडलं ते इथून निघून गेलेल्यांचं, कारण त्यांची वही कुणीतरी राखली होती. उमेदवारालाही हे पक्कं ठाऊक असतं. टॉवरच्या पाण्याच्या तक्रारीपेक्षा चाळवाल्यांच्या बारशाला तो आधी हजर असतो. सेक्रेटरींना हे अजून उमगलेलं नाही.

नंतर सोसायटीनं मला गेटच्या आत टेबल टाकू दिलं. आठ-दहा कुटुंबांनी अर्ज भरले, बाकीचे ‘ऑनलाइन करतो’ म्हणाले. चाळीतल्यांचे नमुना ७ मात्र मी अजून पुन्हा पाठवलेले नाहीत. नियमानं पाठवायला हवेत. माणूस राहतो तिथे त्याचं नाव, याबद्दल कायद्यात शंका नाही. नावं उडाली की आमचा टक्का वर जाईल, कुणीतरी जागृतीबद्दल पाठही थोपटेल. पण काकूंचं नाव आधी वांगणीला लागलं तर बरं, म्हणून मी त्यांच्या घरमालकाला फोन केला. पत्त्याच्या पुराव्यासाठी भाडेकरार नोंदवून द्या म्हटलं. तो म्हणाला, ‘करार केला की खोली कागदावर येते, मॅडम. त्यापेक्षा मी दुसरा भाडेकरू बघतो.’