कपबशांचा सेट ते सुवर्णपदक

१९८९ साली पश्चिम जर्मनीच्या मुलींनी फुटबॉलमध्ये नॉर्वेला ४-१ हरवून युरोपियन चषक जिंकला आणि जर्मन फुटबॉल महासंघाने प्रत्येकीला बक्षीस काय दिलं? कॉफीच्या कपबशांचा सेट! आहेरात येतो तसा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. याच महासंघाने १९५५ ते १९७० बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली होती म्हणा, त्यामुळे नवल ते काय.

त्या संघात सिल्विया नाइड होती. जर्मन महिला संघाच्या १९८२ मधल्या पहिल्यावहिल्या सामन्यातही ती खेळली. स्वित्झर्लंडला ५-१ धुतलं, त्यात तिचे दोन गोल! वय अवघं अठरा. पुढे संघाची प्रशिक्षक टीना थ्यूने हिच्या हाताखाली सहायक म्हणून बरीच वर्षं काढली आणि २००५ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाली.

२००७चा विश्वचषक मला सगळ्यात भारी वाटतो. सहा सामने, २१ गोल केले, खाल्ला एकही नाही. अंतिम सामन्यात ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टी आपल्या गोलरक्षक नादिन आंगेररने अडवली. लोक त्याच स्पर्धेतल्या ११-० च्या अर्जेंटिना सामन्याबद्दल बोलतात, मला हा बचावच जास्त आवडतो.

२०११ मध्ये मात्र घरच्याच विश्वचषकात जपानकडून हार झाली आणि लंडन ऑलिंपिकही हुकलं. तरी नाइडबाई टिकल्या. २०१६ला रिओत, माराकाना स्टेडियमवर, स्वीडनला २-१ हरवून सुवर्ण मिळवलं आणि पद सोडलं. समोरच्या बाकावर प्रशिक्षक कोण, तर पिया सुंदहागे. तीही जुनी खेळाडूच!