लो-कार्ब नोंद: इंदूरचा मुक्काम

मावसभावाच्या मुलाची मुंज, मुक्काम राजेंद्रनगरला मावशीकडे. घरी माझी मर्यादा दिवसाला ५० ग्रॅम कार्ब्सची (कर्बोदकांची). प्रवासात ती ७० पर्यंत सैल सोडते, त्यापुढं नाही. या वेळी ती अख्ख्या मुक्कामात टिकली, आणि तीही इंदुरात! म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडीतलं फारसं सांगण्यासारखं नाही. पुण्याहून रात्रभराचा प्रवास. डब्यात उकडलेली अंडी, तुपावर परतलेलं पनीर, काकडी, भाजलेले दाणे. पनीर आणि अंडी त्याच रात्री संपवायची, दाणे पुढं पुरतात. पाण्याच्या बाटलीत लिंबू आणि मीठ मात्र विसरू नका. कार्ब्स कमी केले की इन्सुलिन खाली येतं आणि लघवीवाटे सोडियम जास्त जातं. प्रवासात डोकं धरतं, गळून गेल्यासारखं वाटतं, ते पुष्कळदा यामुळं. (बीपीचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा आहारच त्यांच्या सल्ल्यानं.)

पाहुणचार हा यातला सगळ्यात नाजूक भाग. “मी भात-पोळी खात नाही” असं ताटावर बसल्यावर सांगितलं की घरची बाई गोंधळते, आता हिला वाढू काय? मी निघण्याआधीच मावशीला फोन करून मला काय हवं ते सांगितलं: पालकाची ताकातली भाजी, दाण्याचं कूट घातलेली खमंग काकडी, पनीर, आणि दाण्याची आमटी, तीही गूळ न घालता. मावशी म्हणाली, “अगं, हे तर उपासाचंच झालं की! भगर तेवढी वगळायची.” अगदी तसंच. फक्त साबुदाण्याला या उपासात जागा नाही, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. मग आमटी हा मावशीचाच विषय झाला. दाणे भाजून अगदी गंधासारखे वाटलेले, तुपात जिरं आणि हिरवी मिरची, दोन आमसुलं, आणि वर तुपाचा तवंग येईपर्यंत मंद उकळी. वाटीभर प्यायले की दुपारी चारपर्यंत भुकेची आठवण होत नव्हती.

सकाळचे पोहे मी पूर्ण सोडले. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ७५ ग्रॅमच्या वर कार्ब्स, शेजारी जिलबी, म्हणजे दिवसाचा हिशेब नाश्त्यालाच संपला. पण त्या पोह्यांची अर्धी चव जीरावनात असते, आणि जीरावन म्हणजे जिरं, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग असा कोरडा मसाला. चिमटीभर घेतल्यानं हिशेब बिघडत नाही. मी रोज ते पनीर भुर्जीवर भुरभुरलं. छप्पन दुकान या खाऊगल्लीत सगळ्यांनी बेंजो (बनमध्ये घातलेलं ऑम्लेट) घेतला, मी बनशिवाय नुसतं ऑम्लेट मागितलं, तव्यावरून थेट प्लेटमध्ये मिळालं. तिथं सांभाळायचं ते शिकंजीपासून. लिंबाचं सरबत समजून मागवाल तर पुढ्यात येतं घट्ट गोड दूध, सुका मेवा घातलेलं.

रात्री सराफा. तिथं जाऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच दारांपुढं कढया चढतात, आणि इंदुरात येऊन ते बघायचं नाही म्हणजे काय! मी घरून पोटभर जेवून निघाले होते, तिथली निम्मी लढाई यानंच जिंकली जाते. भुट्ट्याचा कीस म्हणजे किसलेला मका, दूध, तूप. पाव किलो मक्यातच ४५ ग्रॅमच्या पुढं कार्ब्स, त्यामुळं चौघांत एक द्रोण आणि माझे दोन चमचे. खोबऱ्याच्या पॅटिसमधलं सारण मी खाल्लं, बटाट्याचं कवच भावाला दिलं. ओल्या नारळात १०० ग्रॅमला १५ ग्रॅम कार्ब्स असले तरी त्यातले ९ न पचणाऱ्या फायबरचे, म्हणून तो चालतो. थंडी सरत आली तरी गराडू होताच. तो कंद, त्यात १०० ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम. वास घेतला आणि पुढं गेले.

परत आल्यावर वजन ६०० ग्रॅम जास्त भरलं, आठवड्याच्या आत उतरलं. ती चरबी नव्हे. शरीरात ग्लायकोजेन (कार्ब्सचा साठा) साठतं तेव्हा त्याच्या तिपटीच्या आसपास पाणीही धरलं जातं, रोजचे २० ग्रॅम कार्ब्स वाढले तरी काही दिवसांत काट्यावर दिसतं. सकाळची शुगर मुक्कामभर १०० च्या आतच होती.

मुंजीच्या पंगतीत दाल-बाफले होते, ते मी घेतले नाहीत, पण घरी करून बघायचे आहेत. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, तो आधी उकळत्या पाण्यात शिजवतात, मग भाजतात आणि तुपात बुडवतात. तूप आपल्या कामाचं, कणीक नाही. बदामाच्या आणि जवसाच्या पिठाचा गोळा पाण्यात सोडला तर गव्हाच्या चिकटपणाअभावी फुटणार, म्हणून इसबगोल घालून वाफवायचा विचार आहे. कुणी केला असेल तर इसबगोलाचं प्रमाण सांगा.