हिवरे बाजारला जाताय? आधी टेकडी चढा

गेल्या पावसाळ्यात उतारावरच्या शेतात मी मोठ्या हौसेने चर खणला होता, तोही नुसत्या नजरेच्या अंदाजाने. पहिल्याच दणक्याच्या पावसात सगळं पाणी एका टोकाकडे पळालं, तिथे बांध फुटला आणि खाली गुडघाभर ओघळ पडली. चर समपातळीत नसला की त्याचा पाट होतो. कुठे चुकलं ते बघायला यंदा जुलैअखेर पाणी अडवण्याच्या कामासाठी नावाजलेलं हिवरे बाजार गाठलं.

अहिल्यानगरहून गाव साधारण १७ किलोमीटर. बरेच जण माहिती ऐकतात, बंधाऱ्यापाशी फोटो काढतात आणि परततात. आम्ही सकाळी थेट टेकडीवर गेलो. गटाने जाणार असाल तर ग्रामपंचायतीला आधी कळवा, बरोबर कुणी माहीतगार मिळाला तर उत्तमच. चपला नकोत, कुसळं पायात शिरतात.

वर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर आहेत, पण काही ठिकाणी ते शोधावे लागतात, इतकं गवत. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चर कधीतरी गाळाने भरणारच. त्याआधी उतारावर गवत धरलं पाहिजे. थेंबाचा मार पानांवर जातो, मुळं माती बांधून ठेवतात आणि पाण्याचा वेग मोडतो. म्हणून या गावात चरांइतकीच चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मोलाची. गुरं मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचं. जेसीबी काय, पैसे टाकले की येतो. चराईबंदी पाळायला सगळं गाव लागतं.

पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, त्यानंतरचं हे काम. पाऊस इथे जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. तरी एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हा हिशेब डोक्यात ठेवून खाली उतरा. गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती, विहिरींत किती, आधी पिण्याचं, मग पिकं. शेतीला बोअर नाही, उसाला बंदी. खरं सांगायचं तर ऊसबंदी ऐकून आमच्यातले दोघे गप्पच झाले.

जमलं तर पाऊस पडून गेल्यावर लगेच जा आणि नाल्यातल्या पाण्याचा रंग बघा. आपल्या ओढ्याचं पाणीही तेव्हाच बाटलीत भरून ठेवा. तळाशी बसलेला गाळ म्हणजे आपल्याच शेताची माती.

घरी आल्यावर पारदर्शक नळीत पाणी भरून माझ्या चराची पातळी मोजली. ३० मीटरमध्ये ४० सेंटिमीटरचा फरक! आता मध्ये मातीचे आडवे अडसर ठेवून त्याचे तुकडे केलेत, जादा पाण्याला गवताळ जागेवर सांडवा काढलाय. ओघळीत अनगड दगडांचे छोटे बांध घालतोय, वरच्या टोकापासून खाली. भरावावर गवताचं बी टाकलंय. शेजाऱ्याच्या शेळ्यांचं मात्र अजून बोलायचं आहे.