दोन बॅगांत काय काय होतं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशात, परवा पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या भाच्याकडूनही तोच प्रश्न: "मावशी, आपली माणसं दोन बॅगा घेऊन आली, कष्टाने वर आली. गोऱ्या-काळ्यांच्या आणि बायका-पुरुषांच्या प्रिव्हिलेजच्या, म्हणजे न कमावता मिळालेल्या फायद्यांच्या, वादात आपण कशाला पडायचं?"

कष्ट खरेच आहेत. पण त्या दोन बॅगांपैकी एकीत माझ्या आर्किटेक्चरच्या डिग्रीची फाइल होती, आणि ती वर्षानुवर्षं कपाटातच राहिली. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळतो त्या एच-फोर व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, क्रेडिट कार्ड नवऱ्याच्या कार्डाला जोडलेलं. 2015 मध्ये काही जणींना परवाना मिळायला लागला, तोही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच. नवऱ्याने जे स्वतःच्या हिमतीवर कमावलं, त्यात माझं घरी बसणं मोजलेलं नाही.

आणि मुळात आपल्याला या देशात येऊ कुणी दिलं? 1923 साली पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भारतीय माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व नाही. 1946 मध्ये भारतीयांना वर्षाला 100 चा कोटा मिळाला. शंभर! देशागणिक लावलेले हे कोटे मोडले 1965 च्या कायद्याने. आदल्याच वर्षी वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्कांचा कायदा झाला होता, आणि 1965 च्याच मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मताच्या हक्कासाठी निघालेल्या काळ्या लोकांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. त्यांनी देश हलवला, वाट आपल्याला मिळाली. तीही शिकलेल्यांना आधी. आपण सरकारी कॉलेजातल्या नाममात्र फीवर शिकून आलो (आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला शिकू दिलं, हेही आठवावं). इथल्या काळ्या कुटुंबांच्या वस्त्यांना मात्र 1934 पासून कित्येक दशकं सरकारी हमीचं गृहकर्ज मिळत नव्हतं.

वर्णद्वेष आपल्यालाही भोगावा लागलाय. 1987 मध्ये जर्सी सिटीत टिकलीवरूनच नाव घेतलेली 'डॉटबस्टर्स' टोळी भारतीयांच्या मागे लागली होती. तरी रोजच्या जगण्यात फरक आहेच. माझा मुलगा गाडी शिकला तेव्हा मी त्याला म्हटलं, वेग सांभाळ, इन्शुरन्सचा कागद विसरू नकोस. शेजारची काळी मैत्रीण, हॉस्पिटलात नर्स आहे, तिने मुलाला गाडीत बसवून तालीम दिली: पोलिसाने थांबवलं की दोन्ही हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लाव, "लायसन्स काढू का?" असं आधी विचार, मगच हात खिशाकडे. अंगणातच, दोनदा करून घेतलं. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

भाच्याला हे सगळं सांगितलं. यंदा गणपतीतल्या मुलांच्या कार्यक्रमात थिंड आणि सेल्मा दोन्ही सांगावेत, असं मंडळालाही लेखी सुचवलंय.