कुंभार गल्लीतली चटणी: आमची वाटचाल

पहिल्यांदा एक सांगून टाकते, कारण पुरातली मिरची आम्ही चटणीत घातली ही कुजबुज अजूनही थांबलेली नाही. २०१९ च्या पुरात भिजलेल्या मिरचीतली एक बीसुद्धा आमच्या चटणीत गेलेली नाही. ज्यांनी आमच्या दारातल्या मिरचीचा फोटो फिरवला, त्यांना हे तेव्हाही ठाऊक होतं. फोटोचं पुढं सांगतेच.

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. चटणीचा, म्हणजे कांदा-लसूण घातलेल्या वर्षभराच्या तिखटाचा, धंदा सुरू केला २००९ च्या उन्हाळ्यात. आमचे हे तेव्हा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला होते. आदल्या दिवाळीपासून तिकडच्या ऑर्डरी आटल्या होत्या आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस घरीच बसायची पाळी. सासूबाईंच्या हातची चटणी नात्यात फिरायचीच, फुकट. त्या वर्षी बचत गटातल्या शेजारणीनं आणि मी ठरवलं की ह्या खेपेला डब्याबरोबर पैसेही घ्यायचे. सासूबाईंना ते बिलकूल पटलं नव्हतं. घरची चटणी विकतात होय, म्हणून चार दिवस अबोला धरला, आणि पाचव्या दिवशी देठं खुडायला आपणहून बसल्या.

प्रमाण त्यांचंच. संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला. संकेश्वरी आम्ही गडहिंग्लजच्या बाजारातून आणतो, सौद्याला स्वतः उभं राहून. ब्याडगीत कड्डी आणि डब्बी असे दोन प्रकार येतात. रंगाला डब्बी सरस, पण भावही तसाच, म्हणून दोन्ही मिसळून घ्यायची. मिरची विकत घेताना लोक रंग बघतात. मी देठ बघते. देठ हिरवट आणि मऊ असेल तर माल ओला आहे, म्हणजे तुम्ही मिरचीच्या भावानं पाणी विकत घेताय. मूठभर मिरची कानाशी धरून हलवायची. बी खुळखुळलं तर घ्यायची, नाहीतर पुढच्या गाळ्याकडं जायचं. घरी आणून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवली, देठं काढली, की किलोमागं शंभर-सव्वाशे ग्रॅम सहज घट येते. ही घट हिशेबात न धरता भाव सांगणारी बाई दुसऱ्या उन्हाळ्याला धंद्यात दिसत नाही, हे मी लिहून देते.

कांडपाबद्दल मात्र मी हट्टी आहे. चक्कीवर दळलेली चटणी आमच्याकडं मिळत नाही. चक्कीत मसाला तापतो, तापला की तेल सुटतं, वास उडतो आणि रंग काळवंडतो. कांडप यंत्रात लोखंडी मुसळं वरनं पडतात, वेळ लागतो, पण माल गार राहतो. आधी नुसती मिरची कांडायची, चाळायची, चाळणीवरचं परत घालायचं. मग भाजलेला खडा मसाला: धने, जिरे, तीळ, खोबरं, खसखस, दगडफूल, नाकेश्वर, बाकी तुम्हाला ठाऊक आहेच. सगळ्यात शेवटी तळलेला कांदा, लसूण आणि खडेमीठ. लसूण पडली की मुसळाचा आवाज बदलतो, धप् धप् असा जड येतो. त्या आवाजावरून किती फेरे राहिले ते मला ओट्यावर बसून कळतं. कांदा उन्हात नीट वाळलेला नसेल आणि तसाच तळला, तर पावसाळ्यात बरणीच्या तोंडाशी बुरशी धरते. कांद्याला घाई चालत नाही. बरणी भरताना तळाशी आणि वर हिंगाचा खडा ठेवायचा. दाबून भरायची, पोकळी राहू द्यायची नाही.

सुरुवातीची वर्षं ती शेजारीण आणि मी, दोघींनी मिळून केली. ती हिशेबाला पक्की आणि बोलायला गोड, गिऱ्हाइकं तिनं जोडली हे मी नाकारत नाही. आमची एक लाल पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. ‘टाकाळ्याच्या वैनी, तिखट बेताचं, लसूण जादा.’ ‘रंकाळ्याच्या मास्तरीणबाई, खोबरं नको, मुलाकडं पुण्याला जाते.’ कुणाच्या घरी कितवं लग्न, कुणाला पित्ताचा त्रास, सगळं त्यात. तीच आमची भांडवलातली मोठी वस्तू.

२०१६ ला आमचं फाटलं. ब्याडगीचा भाव चढला होता. तिचं म्हणणं, शीतगृहातला एसी माल आणायचा, गुंटूरची तेजा घालून तिखट भागवायचं, ब्याडगी निम्मी करायची आणि वरनं थोडं तेल चोळायचं, रंग आपोआप दिसतो. दिसतो खरा. महिनाभर. नंतर तीच चटणी मातकट पडते आणि तेलाला खवट वास मारतो. तेजा मिरची वाईट असं माझं म्हणणं नाही, आंध्रात त्याच मिरचीवर घरं चालतात. पण आमच्या तांबड्या रश्श्याला कट हवा, म्हणजे वर लाल तवंग, नुसता जाळ नको. मी नाही म्हटलं. तिनं शांतपणे हिशेब केला, माझे निघाले ते पैसे दिले आणि गेली. वहीही गेली. मागितली तर म्हणाली, अक्षर माझं आहे.

अक्षर तिचंच होतं. पण तोंड कुणाचं चाललं होतं ते सांगताना?

पुढच्या उन्हाळ्यात तिची पाकिटं बाजारात आली. आमच्यासारखंच पिवळं लेबल, तसाच लाल काठ, आणि किलोमागं आमच्यापेक्षा साठ रुपये कमी. नाव मी लिहीत नाही. गल्लीला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी एक करावं: काचेच्या पेल्यात पाणी घ्यावं आणि चिमूटभर तिखट वर सोडावं. वरनं रंग घातला असेल तर लाल रेघा ओघळत खाली उतरताना दिसतात. मी काही म्हणत नाही, आपापला पेला आपण बघावा.

त्या दोन वर्षांत आमच्याकडं टिकून राहिलं असं मोठं गिऱ्हाईक एकच: राजारामपुरीतल्या खानावळवाल्या आक्का. कॉलेजच्या पोरांची खानावळ, महिन्याला आठ-दहा किलो चटणी लागायची. आक्कांची परीक्षा ठरलेली. पळीत तेल तापवायचं, गॅस बंद करायचा, मोजून दहा म्हणायचं आणि मग चिमूटभर चटणी टाकायची. रंग तेलावर चढून तसाच टिकला तर डबा आत. काळपट पडला तर परत. माझा डबा त्यांनी एकदा परत पाठवला होता आणि कारणही कळवलं नव्हतं. दुसरा नेऊन दिला, तो ठेवून घेतला. पैसे कधी दिवसभरही थकवले नाहीत, आणि बरं म्हणून कधी तोंडभर बोलल्याही नाहीत.

आता २०१९.

चटणीचा धंदा म्हणजे सगळा पैसा फेब्रुवारी ते मे एकदम घालायचा आणि वर्षभर थोडा थोडा काढायचा. त्या वर्षी पतसंस्थेचं कर्ज होतं, माझ्या पाटल्या गहाण होत्या. निम्मी चटणी तयार होऊन डब्यांत, आणि दसरा-दिवाळीच्या कांडपासाठी वाळवलेली मिरची पोत्यांत. २००५ च्या पुराला पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलं होतं, म्हणून माल त्याच्याही वर तीन फूट, फळ्यांवर रचलेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हाही आम्ही निर्धास्त होतो. गल्लीत कुंभारांची धावपळ सुरू झाली, कारण गणपती महिन्यावर आले होते आणि मूर्ती अर्ध्या रंगवलेल्या. आमची पोरं त्यांच्या मूर्ती उचलायला गेली. जयंती नाल्याचं पाणी रात्रीत चढलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. आम्ही होडीतून बाहेर पडलो तेव्हा हातात सासूबाईंची औषधं आणि एक वजनकाटा होता. काटा का घेतला ते विचारू नका.

आठवड्यानं परत आलो. भिजलेली मिरची फुगते, मग आंबते, आणि तो वास घशातच बसतो. डब्यांची झाकणं आत पाणी जाऊन उचकटली होती, चटणीवर राखाडी साय धरली होती. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, दुकान कुठंय? म्हटलं, हेच. ते म्हणाले, हे तर राहतं घर. घर म्हणून लिहिलं तर माल दिसेना, आणि दुकान म्हणून लिहावं तर शटर दिसेना. घराच्या विम्यातही धंद्याचा माल सहसा धरत नाहीत, तो वेगळा उतरवावा लागतो. घरून काम करणाऱ्या बायांनो, पॉलिसी आज काढून वाचा. नवऱ्याला वाचायला देऊ नका, तुम्ही वाचा.

सगळी पोती आम्ही रस्त्यावर आणून ओतली, महापालिकेच्या गाडीत टाकायला. त्या ढिगाचा कुणीतरी फोटो काढला. दोन दिवसांत तो सगळीकडं, खाली मजकूर: ‘पुरातली मिरची वाळत घातली आहे, घरगुती चटणी घेताना सावध.’ आमच्या दाराची चौकट फोटोत स्पष्ट दिसत होती. मी कचऱ्यात टाकत होते आणि लोकांना ते वाळवण वाटलं! फोटो पहिल्यांदा कुठल्या ग्रुपवर पडला ते मला नंतर कळलं. आमच्या जुन्या वहीतल्याच बायांचा ग्रुप होता तो.

फोन बंद झाले. दिवाळीचे म्हणून घेतलेले आगाऊ पैसे लोक परत मागायला आले आणि मी दिले, दुसऱ्या पाटल्या मोडून. गडहिंग्लजच्या एका अडत्यानं उधारीवर मिरची दिली, नव्यानं चटणी केली. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, अहवाल चांगला आला, तो दारावर चिकटवला. कुणी वाचला नाही. घरासमोरून जाताना बायका नाकाला पदर लावायच्या, आणि पुराच्या वासाला दोन महिने झाले होते.

आक्का आल्या त्या रिक्षातून, न सांगता. पळी स्वतःची, पिशवीतून काढली. माझ्याच गॅसवर तेल तापवलं. दहा म्हटलं. मग म्हणाल्या, “वैनी, माझी मिरची मी आणून दिली तर माझ्यादेखत कांडशील?” मी म्हटलं, “कांडीन की.” दुसऱ्या आठवड्यात त्या पोती घेऊन आल्या आणि कांडपाशी खुर्ची टाकून दिवसभर ठसका खात बसल्या. खानावळीत येणाऱ्या पोरांच्या आयांना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. पण त्यानंतर एक एक बाई आपली मिरची घेऊन यायला लागली. तुमची मिरची, तुमच्या डोळ्यांसमोर, आमचं प्रमाण आणि आमची मेहनत. धंदा त्यावरच परत उभा राहिला आणि आज निम्म्याहून जास्त काम तेच आहे. भांडवल गिऱ्हाइकाचं, त्यामुळं कर्जही आटोपलं.

लॉकडाउनचं सगळेच सांगतात, मी सांगत नाही. २०२१ च्या जुलैत पाणी २०१९ पेक्षा काकणभर जास्तच चढलं, पण माल वरच्या मजल्यावर होता आणि आमचा एक डबा भिजला नाही. त्याचा फोटो कुणी काढला नाही. मधल्या वर्षांत स्वतःचं कांडप यंत्र घेतलं, मीटर व्यावसायिक करून घेतला, थोरली सून पाकिटांचं बघते.

कुणी विचारलं म्हणून नाही, तरी नव्यानं सुरू करणाऱ्यांना सांगते. अन्न परवान्याची नोंदणी पहिल्या दिवशीच करा. लहान धंद्याला आम्ही केली तेव्हा वर्षाला १०० रुपये होते. चौदा आकडी नंबर पाकिटावर आला की निम्म्या चौकशा बंद होतात. शॉप ॲक्टची कळवणी, म्हणजे धंदा सुरू केल्याची सरकारदरबारी नोंद, तीही ऑनलाइन होते, आमच्यासारखं पंचनाम्याच्या दिवशी कागद शोधत बसू नका. वजन पाकिटासकट धरू नका. बहिणीला, नणंदेला फुकट द्यायची ती वेगळ्या डब्यातली द्या, विक्रीच्या डब्याला हात लावू देऊ नका. भागीदारी केलीत तर वही दोन प्रतींत लिहा आणि एक प्रत आपल्या अक्षरात ठेवा.

तिचं दुकान आता मोठं आहे, रस्त्यावर पाटी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडच्या एका पोरानं आमच्याकडं येऊन विचारलं, चार किलो मिरची आहे, घरच्यासाठी, कांडून देता का? कुणाच्या घरच्यासाठी ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मिरची बघितली. डब्बी होती, देठ कडक, बी खुळखुळणारं. रांगेतला नंबर दिला, दर सगळ्यांना तोच लावला.

ह्या वर्षी कांडप होळीनंतर सुरू होईल. मिरची देठं काढून, वाळवून आणावी. ओली आणली तर परत न्यावी लागेल. उधारी नाही.